चटईवरच्या खुणा

चटई उलटी अंथरली गेली असणार, असं बाईंना वाटलं.

हातात पातळ पुस्तिका घेऊन त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ड्रमसेटचं वरून पाहिल्यासारखं चित्र होतं आणि समोर खराखुरा सेट उभा होता. सकाळी नऊपासून एकेक तुकडा चटईवरच्या काळ्या चिकटपट्टीच्या खुणांवर ठेवत त्यांनी तो उभा केला होता. तुकडे तेच, संख्याही तीच. पण चित्रात पायानं मिटणाऱ्या जोडझांजा बसणाऱ्याच्या डाव्या हाताला होत्या आणि जमिनीवर उभा राहणारा ड्रम उजव्या हाताला. इथे बरोबर त्याच्या उलट.

त्यांनी चटई मनातल्या मनात फिरवून पाहिली. उपयोग नव्हता. उजवा हातमोजा टेबलावर कितीही गोल फिरवला म्हणून डावा होत नाही. त्याला उलटाच करावा लागतो. आणि चटईला मागून रबर होतं. म्हणजे चटई सुलट होती. चूक खुणांमध्ये होती.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणसाला एक सवय लागते. पेशंट काय सांगतो ते नीट ऐकून घ्यायचं आणि विश्वास मात्र नळीवरच्या चिठ्ठीवर ठेवायचा. छापलेलं ते खरं. बाईंनी पुस्तिका खिडकीत उघडी ठेवली, पान उडू नये म्हणून तिच्यावर कात्री ठेवली आणि सेट पहिल्यापासून सोडायला घेतला.

बाहेरच्या खोलीत मास्तरांचं मशीन चालू होतं. मास्तर म्हणजे बाईंचा नवरा. शिंपी, म्हणून सगळ्या गल्लीचे मास्तर. सकाळी चहा घेतानाच दोघांचा करार झाला होता. आज मास्तरांनी आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

"आणि ड्रम अंगावर पडला तर?" मास्तरांनी विचारलं होतं.

"हाक मारीन."

"मला कसं कळणार, हाक मारते आहेस की वाजवते आहेस?"

बाई हसल्या होत्या, पण करार मोडू दिला नव्हता. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी केस विंचरताना त्यांच्या हातातून कंगवा पडला, आणि तो उचलायला गेलेला हात वर आलाच नाही. उजवा हात, उजवा पाय. बोलणं तीन महिन्यांत परत आलं, चालणं चार महिन्यांत. हात मात्र अर्ध्या वाटेवर येऊन थांबला. व्यायाम शिकवणारी मुलगी सरळ बोलणारी होती. वर्षभरात येईल तेवढं झपाट्यानं येतं, पुढे वेग कमी होतो, असं तिनं सांगितलं होतं. बाईंना ती त्यामुळेच आवडायची.

या अकरा महिन्यांत मास्तरांनी काय केलं नाही? भाजी चिरली, वेणी घालायला शिकले, ब्लाउजच्या हुकांच्या जागी आतून चिकटणारी पट्टी शिवली, तीही अशी की बाहेरून कोणाला कळू नये. बाईंच्या हातातला कप हलायला लागला की तो पडायच्या आत मास्तरांचा हात खाली आलेला असे. बाईंना त्यांचं सगळं कळत होतं, आणि रात्री दिवा मालवताना त्या मनात त्यांना हात जोडत. पण या अकरा महिन्यांत असं एकही काम नव्हतं, जे त्यांनी एकटीनं सुरू केलं आणि एकटीनं संपवलं. कप कधी पडलाच नव्हता, त्यामुळे तो आपल्याला धरता येतो की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून त्यांनी आजचा दिवस ठरवला होता. संध्याकाळपर्यंत सेट उभा करून त्याच्यावर चार ठोके वाजले तर तो घरात राहील. नाही जमलं तर उद्या, हा सेट ज्यांचा होता त्या ड्रमवाल्यांच्या बहिणीला निरोप द्यायचा. एक शिकवणीवाला तो न्यायला तयार होताच. चांगली वस्तू कोणाच्या तरी कामी येईल.

ड्रमवाले चौदा वर्षं महिन्यातून एकदा बाईंच्या समोर बसत होते. हृदयातली झडप बदललेली, त्यामुळे रक्त किती वेळात गोठतं ते सतत तपासावं लागे. त्यांची शीर भारी लबाड. दिसायची, बोटाखाली लागायची आणि सुई नेली की बाजूला सरकायची. आधीच्या माणसानं त्यांना तीन तीनदा टोचलं होतं. बाईंनी पहिल्याच खेपेला शीर अंगठ्यानं ताणून धरली आणि एकदाच टोचलं. तेव्हापासून रांग कितीही असो, ते बाईंसाठी थांबत. मुलांच्या वॉर्डात बाईंना टोचणीबाई म्हणायचे, ते नाव त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि उचललं.

त्यांची झडप धातूची होती आणि तिचा आवाज यायचा. दार लावलं, पंखा बंद असला की टेबलाच्या या बाजूला ऐकू यायचा, मनगटावरच्या घड्याळासारखा. "ताल धरणारा आतच बसवलाय," ते म्हणायचे. "आता चुकलो तर सांगायला कारण नाही." ते लग्नांत, हॉटेलांत, मिळेल तिथे वाजवायचे. सुई आत असतानाही त्यांची मोकळ्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालत. हलू नका, असं बाई दटावत. एकदा बाई म्हणाल्या होत्या की निवृत्त झाल्यावर हाच धंदा शिकणार, एकतीस वर्षं लोकांना गप्प बसवून कंटाळा आला. ते म्हणाले होते, "मग माझाच सेट घ्या. तुम्ही मला कधी दुखवलं नाही, शेजाऱ्यांनाही बेतानंच दुखवाल."

बाई आजारी पडल्यानंतर दुसऱ्या महिन्यात ते घरी आले होते. बाईंना तेव्हा शब्द सापडायला वेळ लागे, म्हणून बोलणं मास्तरांनीच केलं. पाहुण्यांनी चहा घेतला. मधे फक्त ती झडप ऐकू येत होती. मग त्यांनी एकच विचारलं, "कुठली बाजू?"

"उजवी," मास्तर म्हणाले.

"डावी ठीक आहे ना?"

"डावी एकदम ठणठणीत."

त्यांनी मान हलवली, कप खाली ठेवला आणि निघाले. आजारी माणसाला भेटायला येऊन एवढंच विचारतात का, असं मास्तर नंतर म्हणाले. बाईंनाही ते चमत्कारिकच वाटलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी ते गेले. गेल्या आठवड्यात त्यांची थोरली बहीण टेम्पोतून सेट घेऊन आली. चटई तिनं स्वतः काखेत धरून आणली होती. वाद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तो शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाला, असं सांगून तिनं निरोप दिला होता: चटई आधी अंथरा आणि खुणा हलवू नका. बाईंना वाटलं होतं, आजारी माणसाचा जीव कशात अडकेल काही सांगता येत नाही.

दुपारी दोनपर्यंत सेट पुस्तिकेबरहुकूम उभा राहिला. काम अवघड होतं, पण अनोळखी नव्हतं. मधल्या ड्रमचा पडदा ताणताना बाईंनी चावी डाव्या हातात धरली. एका बोल्टला अर्धा वेढा, मग बरोबर समोरच्याला अर्धा. शेजारच्याला हात लावायचा नाही. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात हेच करायचं असतं. एका नळीसमोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवायची, नाहीतर यंत्र थरथरत टेबलावरून चालू लागतं. पडदा सगळीकडून सारखा ताणला गेला आणि बोटानं टिचकी मारली तर स्वच्छ आवाज आला. मोठ्या ड्रमचं पेडल करकरत होतं. बाईंनी नुसतं "तेल" म्हटलं, आणि मशीनच्या तेलाची बुधली उंबरठ्याच्या अलीकडे अलगद ठेवली गेली. मास्तरांचं पाऊल उंबरठ्यापलीकडेच राहिलं.

मग त्या स्टुलावर बसल्या. उजवा पाय पेडलवर ठेवला.

पेडल दाबलं गेलं, पण पाय परत उठेना. पेडलची हातोडी पडद्याला चिकटून राहिली आणि आवाज आला तो गादीवर बुक्की मारल्यासारखा. त्यांनी मांडी हातानं उचलून पुन्हा प्रयत्न केला. तीनदा. चौथ्यांदा पाय पेडलवरून घसरला. त्यांनी उजव्या हातात काडी घेतली, मोठ्या झांजेपर्यंत नेली, आणि काडी सुटून फरशीवर पडली. घरंगळत भिंतीपर्यंत गेली.

बाहेर मशीन थांबलं.

बाई तशाच बसून राहिल्या. आता पावलं वाजतील, असं त्यांना वाटलं. मास्तर काडी उचलून हातात देतील, आणि ती आपण घेऊ, कारण त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणता येत नाही. त्यांनी मनात दहापर्यंत मोजलं. पावलं वाजली नाहीत. मग मशीन सुरू झालं, आधी अडखळत, मग नेहमीसारखं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं आपल्यासाठी केलेलं सगळ्यात कठीण काम हेच असावं, असं बाईंना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

काडी त्यांनी स्वतः उचलली. पुन्हा बसल्या आणि उजवा हात मांडीवर पालथा टाकला. मग तो उलटा केला. कोपराच्या आतली शीर निळसर दिसत होती. शीर दिसली की बाईंचा अंगठा आपोआप तिच्यावर जाई. आताही डावा अंगठा गेला. आणि त्याबरोबर चौदा वर्षं महिन्यातून एकदा ऐकलेलं वाक्य कानात आलं.

"उजवा घ्या टोचणीबाई. डावा कामाचा आहे."

दर वेळी हेच. पट्टा बांधायच्या आत ते उजवी बाही वर करत. टेबलाच्या कडेवर चालायची ती डाव्या हाताची बोटं. त्यांच्या डाव्या हाताला बाईंनी एकदाही सुई लावली नव्हती. ज्या हातावर टोचलं त्याची नोंद दर वेळी करणाऱ्या बाईंना ते आत्ता, स्टुलावर बसल्यावर कळत होतं. खुणा चुकल्या नव्हत्या. त्या एका डावऱ्या माणसाच्या होत्या. आणि त्या माणसानं घरी येऊन, चहा पिऊन, फक्त बाजू विचारली होती.

सेट तिसऱ्यांदा लावायला सव्वा तास लागला. प्रत्येक पाय काळ्या खुणेवर नेमका बसला. मोठ्या ड्रमचं पेडल आता डाव्या पायाखाली आलं. जोडझांजांचं पेडल उजव्या पायाखाली. त्याच्यावर पाय नुसता ठेवला तरी वजनानंच झांजा मिटल्या. तिथे पायाला काही करायचंच नव्हतं. डाव्या हातानं झांजेवर चालत राहायचं, आणि उजव्यानं मधल्या ड्रमवर चारांत दोनदा फक्त पडायचं. पडणं त्याला जमत होतं.

एक गोष्ट मात्र बसेना. ड्रमवाले उंच होते. त्यांच्या खुणेवर स्टूल ठेवलं की पेडल दूर राहत होतं.

"अहो," बाईंनी हाक मारली, "खडू आणा."

मशीन थांबलं. मास्तर दारात आले आणि उंबरठ्यावरच थबकले.

"आत येऊ?"

"या. स्टूल वीतभर पुढे हवंय, तिथे खूण करा."

"बसून दाखव. उभ्या माणसाचं माप वेगळं, बसलेल्याचं वेगळं."

बाई बसल्या, स्टूल सरकवत नेलं आणि डावा पाय पेडलवर नीट टेकल्यावर थांबल्या. मास्तर गुडघ्यावर बसले. स्टुलाच्या तिन्ही पायांभोवती त्यांनी कापडावर काढतात तशा बारीक, पांढऱ्या रेघा काढल्या. मग मान वर करून त्यांनी एकदा सेटकडे आणि एकदा खिडकीतल्या पुस्तिकेकडे पाहिलं.

"पुस्तकात उलटं दिसतंय."

"हो."

"मग?"

"त्यांनी त्या दिवशी माझं माप घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "चहा पिताना."

कपड्याचं माप न बोलता, नुसत्या नजरेनं घेणारे काही जुने कारागीर मास्तरांनी पाहिले होते. त्यांनी चटईवरच्या काळ्या पट्टीच्या एका सुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवून ते नीट चिकटवलं, खडू खिशात टाकला आणि उठून बाहेर गेले.

मशीन सुरू झालं. बाईंनी डावा पाय दाबला. आवाज स्वच्छ आला आणि पाय परत उठला. दुसऱ्या मोजणीला उजवा हात पडला. तिसऱ्याला पाय. चौथ्याला हात पडला, आणि काडी सुटून भिंतीपर्यंत घरंगळत गेली.

या वेळी मशीन थांबलं नाही. बाई उठल्या आणि काडी आणायला गेल्या.