चौथा फोन

संस्थेत सगळे तिला वहिनी म्हणायचे. मास्तर वयाने पंधरा वर्षांनी मोठे, ड्रायव्हर लहान, डॉक्टरीणबाई साधारण बरोबरीच्या. पण तिघांच्याही तोंडी वहिनीच. कुणाची वहिनी, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

संस्था म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत वहिनीचं टेबल, फोन आणि भिंतीला लागून एक लांब बाक. मधल्या खोलीत अठरा खुर्च्या गोल मांडलेल्या. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे रोज सकाळी बसून बोलायची. आतल्या खोलीत मास्तर. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येत, फुकट. मास्तरांची दारू सुटून तेरा वर्षं झाली होती, ड्रायव्हरची सहा. पगारावरच्या माणसांत आयुष्यात थेंबालाही न शिवलेली अशी वहिनी एकटीच. नवा माणूस आला की ड्रायव्हर तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "यांच्यापासून जरा जपून हं. यांना अनुभव नाही."

अनुभव होता, फक्त पलीकडच्या बाजूचा. तिचा नवरा वायरमन होता. सहा वर्षांपूर्वी यकृत निकामी होऊन गेला. त्यानंतर कुणीतरी सांगितलं म्हणून ती इथल्या शनिवारच्या घरच्यांच्या बैठकीला यायला लागली. बैठक सुटली की खुर्च्या आवरायची. वर्षभराने मास्तर म्हणाले, "नाहीतरी अर्धी संस्था तुम्हीच आवरता. टेबलावर बसता का?" ती बसली.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला एक माणूस जिना चढून वर आला. दर दोन पायऱ्यांवर थांबत होता. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, गालांची खोबणी झालेली. वहिनीने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. डाव्या भुवईत मधोमध तुटल्यासारखी रेघ होती. ती रेघ तिला झोपेतही ओळखू आली असती.

तो पेंटर होता. दुकानांचे बोर्ड रंगवायचा, आणि संध्याकाळ झाली की तिच्या नवऱ्याबरोबर बसायचा. छापखान्याच्या मागे कागदाच्या रिकाम्या रिळांची एक शेड होती. तिथे त्यांचा अड्डा. नवऱ्याला घरी न्यायला वहिनी तिथे कितीदा गेली असेल, याला गणती नाही. ती दारात दिसली की पेंटर आतून ओरडायचा, "वायरमन, ऊठ! पोलीस आले!" आणि सगळे फिदीफिदी हसायचे. ती हाताची घडी घालून उभी राहायची, नवरा चपला शोधायचा.

पेंटरने तिला ओळखलं नाही. त्या दिवसांत त्याने कुणाचाच चेहरा नीट बघितला नसावा.

"बसा," ती म्हणाली.

फॉर्ममध्ये सत्तावीस प्रश्न होते. तिने ते क्रमाने विचारले. वय, काम, झोप, औषधं.

"घरी कोण असतं?"

"बहीण. तिनेच हाकललंय इकडे. म्हणाली, आता वर जा, नाहीतर कायमचा वर जाशील."

"सोबत कोण असायचं प्यायला?"

"एक वायरमन होता. जिवाभावाचा." पेंटर टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला. "तो गेला. मग एकटाच."

वहिनीने 'वायरमन' लिहिलं, पुढे 'मयत' लिहिलं, आणि अठरावा प्रश्न विचारला. फॉर्म पुरा झाल्यावर त्याला बाकावर बसवून ती आत गेली.

"मास्तर, या माणसाचं मला जमायचं नाही."

संस्थेचा नियम होता: कामावरच्या कुणाला एखादा माणूस नको असेल, तर त्याला दुसऱ्या केंद्रात पाठवायचं. कारण विचारायचं नाही. मास्तरांनी कारण विचारलं नाही. फोनच उचलला.

"कुठे पाठवताय?"

"जागा एकाच ठिकाणी आहे. तीन तासांची बस."

वहिनीने मागे वळून बघितलं. बाकावर पेंटर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला होता, थरथर दिसू नये म्हणून.

"तीन तास नाही बसायचा तो. पहिल्या थांब्यालाच उतरेल."

"मग?" मास्तर रिसीव्हर हातात धरूनच होते.

"राहू द्या. पण तो यायचा थांबला, तर त्याला फोन मी करणार नाही. ड्रायव्हरला सांगा."

"ठरलं," मास्तर म्हणाले.

घरी गेल्यावर तिने मुलीला सांगितलं. मुलगी तेवीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिने जेवता जेवता हात थांबवला.

"आणि तू त्याला चहा दिलास?"

"सगळ्यांनाच देते."

"सगळे वेगळे आणि तो वेगळा, आई."

"कप सारखेच आहेत गं."

मुलगी ताट घेऊन उठली. पुढचे दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

पेंटर टिकला. पहिल्या आठवड्यात घामाने निथळायचा, ओकायचा. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात अंग जरा धरलं. बहीण त्याला सकाळी जिन्यापर्यंत सोडायची आणि तो वर पोचेस्तोवर खाली उभी राहायची. बैठकीत तो फार बोलत नसे. वहिनी त्याच्याशी "सही करा" आणि "गोळी घेतली का?" एवढंच बोलायची. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, बरा आहे हो माणूस. तुम्ही त्याच्याशी अशा बोलता जसं काही त्याने तुमचं घोडं मारलंय." वहिनी म्हणाली, "गाडीचं पंक्चर काढलं का?"

चाळीस दिवस झाले. एक्केचाळिसाव्या दिवशी पेंटर आला नाही. बेचाळिसाव्यालाही नाही. बहिणीलाही ठाऊक नव्हतं कुठे आहे ते. अशा वेळी तीन दिवस तीन फोन करायचे, आणि तरी पत्ता लागला नाही तर त्या माणसाचं नाव-नंबराचं कार्ड खणात मागे टाकायचं, असा रिवाज होता. मागे टाकलेली कार्डं पुढच्यांपेक्षा पुष्कळ जास्त होती. ड्रायव्हरने तीन फोन केले. कुणी उचलला नाही.

"टाकू का मागे?"

"टाका," वहिनी म्हणाली.

ड्रायव्हर खाली गेला. खोलीत कुणी नव्हतं. वहिनीने कार्ड परत काढलं आणि नंबर फिरवला. का फिरवला, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. सवय असेल, ती म्हणाली.

फोन उचलला गेला. पलीकडून शब्द नाही, नुसता श्वास. पण श्वासाच्या मागे एक आवाज होता: दोन हलके ठोके, मग एक जड. परत दोन हलके, एक जड. छापखान्याचं मशीन. त्या ठोक्यावर तिने आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी उभ्याने काढल्या होत्या.

तिने फोन ठेवला आणि खिडकीतून हाक मारली, "गाडी काढा."

दुपारचे तीन वाजले होते. शेड होती तशीच होती, फक्त पत्रा आणखी गंजलेला. पेंटर एका रिळावर बसला होता. शेजारी बाटली, निम्मी संपलेली. त्याने वर बघितलं.

"पोलीस आले," तो म्हणाला. हसला नाही. लगेच मान खाली घातली.

ड्रायव्हरला काही कळलं नाही. वहिनीला कळलं.

"कधी ओळखलंत?"

"दहाव्या का अकराव्या दिवशी. तुम्ही दारात हाताची घडी घालून उभ्या होतात. तेव्हा."

"मग बोलला नाहीत ते?"

"काय तोंडाने बोलू? आणि नुसतं तेवढंच नव्हतं." त्याने बाटलीला हात लावला आणि काढून घेतला. "एक सांगायचं राहिलंय. ते सांगायचं म्हणून रोज यायचो आणि न सांगता जायचो. शेवटी इथे आलो."

"सांगा."

"वायरमन तुमच्या संस्थेत आला होता. जायच्या वर्षभर आधी. दवाखान्यात कुणी पत्ता लिहून दिला होता, ती चिठ्ठी खिशात घेऊन चार दिवस हिंडत होता. मला म्हणाला, एकट्याला भीती वाटते, जिन्यापर्यंत चल. मी गेलो. तो अर्धा जिना चढला, वहिनी. मी खालून हाक मारली. म्हटलं, लेका, तू सुटशील रे, माझं काय? तो थांबला. वर बघितलं, खाली बघितलं. आणि उतरला. मग आम्ही इथे आलो."

मशीन चालूच होतं.

सहा वर्षं वहिनी एक वाक्य सांगत आली होती: त्यांना सुटायचंच नव्हतं. बैठकीत सांगितलं होतं, सासरच्यांना सांगितलं होतं, मुलीला तर कितीदा तरी. त्या वाक्याला टेकून तिने दिवस काढले होते. आता ते पाठीमागून कुणी काढून घेतलं. या माणसाच्या थोबाडीत द्यावी, असं तिला वाटलं. हात उचललाही गेला असता. ती ड्रायव्हरला म्हणाली, "मी जरा बाहेर आहे," आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

दहा मिनिटं तरी उभी होती, असं ड्रायव्हर सांगतो. रडली का, ते त्याने बघितलं नाही. ती परत आली तेव्हा चेहरा नेहमीचाच होता.

"उठा."

"वहिनी, मला माफ..."

"ते मला विचारू नका. ते माझ्या कामात बसत नाही. उठा, गाडी उभी आहे."

पेंटरला उठवेना. एका बाजूने ड्रायव्हरने धरलं. दुसऱ्या बाजूने, क्षणभर थांबून, वहिनीने धरलं. माणूस वजनाला अगदीच हलका होता.

नवा फॉर्म भरावा लागला, कारण घसरलं की मोजणी एकापासून. संध्याकाळी तिने मास्तरांना सगळं सांगितलं.

"तेव्हा त्या टेबलावर मी बसायचो," ते म्हणाले. "आणखी अर्धा जिना, आणि त्यांचा फॉर्म मी भरला असता."

"हो."

"भरला असता तरी सुटली असतीच असं नाही, वहिनी."

"ते मला सांगता? कार्डांचा खण माझ्याकडेच आहे."

मुलीला सांगायला तिने चार दिवस घेतले. मुलीने ऐकून घेतलं. "बाबा आले होते?" एवढंच दोनदा विचारलं. त्या शनिवारी ती संस्थेत आली. आजवर कधी आली नव्हती. वहिनी फोनवर होती. पेंटर बाकावर बसला होता. मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी वायरमनची मुलगी."

पेंटर उठायला लागला. "बसा," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी कुठला शर्ट घातला होता?"

पेंटरने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. "नाही आठवत, पोरी. निळा म्हणून सांगितलं असतं, तुला खरंही वाटलं असतं. पण नाही आठवत."

मुलगी जराशी घुटमळली. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "न पिता असताना कसे होते ते? तेवढं तरी आठवत असेल."

"ते आठवतं," पेंटर म्हणाला आणि सांगायला लागला. वहिनीला काही ऐकू आलं, काही नाही. फोनवर एक बाई आपल्या भावाबद्दल विचारत होती, आणि तिला पत्ता नीट समजावून सांगावा लागत होता.

पेंटर पुढच्या हिवाळ्यात आणखी एकदा घसरला. त्यानंतर अजून घसरलेला नाही. दहा महिने होतील. वहिनीने त्याला माफ केलं का, हे संस्थेत कुणी विचारत नाही. शनिवारच्या बैठकीत नव्या बायका विचारतात, तुमच्या घरचं काय झालं. पूर्वी तिचं उत्तर तयार असायचं. आता ती जरा थांबते, आणि म्हणते, "आधी तुमचं सांगा."