नानाच्या नावाची मूठ

“आते कोना नावना, अक्का?” कुंदाने सूप पुढे सरकवत विचारलं.

भागाबाईची मूठ गव्हाच्या पोत्यातच राहिली. श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळीसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे आणि तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, अशी रीत. आता पाळी सुकदेवनानांची होती.

सुकदेव तिचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा तो धड चालतही नव्हता. पुढे नवराही गेला, स्वतःचं मूल झालं नाही. सगळा जीव तिने या दिरावरच लावला. तो जिनिंग सोसायटीचा चेअरमन झाला, जीपमधून हिंडू लागला, तेव्हा दोंडाईच्याच्या बाजारात भागाबाई काही घ्यायचं नसलं तरी एक चक्कर जास्त मारायची. पोर मोठं झालं की मान ताठ होणारच, त्यात तिचं काय चुकलं?

मग धुळ्याच्या पेपरात छापून आलं, नानांनी सोसायटीचा पैसा खाल्ला. गावाला पेपर वाचायची गरजच नव्हती. कापूस घालून बसलेल्या निंबाआबांच्या हाती दमडी आली नव्हती आणि त्यांच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आबा म्हणजे कुंदाचे सासरे, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील. ते एवढंच म्हणाले, “भागा, त्याना नावना गहू काढशी, तर आमले रोटले बलावू नको.”

नाना घरी आले तेव्हा भागाबाईने देव्हाऱ्यातला कानबाईचा नारळ त्यांच्यापुढे धरला.

“हातम्हा ले आनि म्हन, मी खादा नही. बठ्ठा गाव एकीकडे, मी तुले मानसू.”

खरं तर नारळाचीही गरज नव्हती. तो नुसता नाही म्हणाला असता, तरी ती गावाशी भांडली असती.

नानांचे हात खिशातच राहिले. “वहिनी, राजकारणात असे आरोप होतातच. तुला नाही कळायचं,” ते म्हणाले. जन्मभर तिच्याशी अहिराणीत बोललेला माणूस सभेत बोलल्यासारखं बोलत होता. भागाबाईने नारळ गुपचूप जागेवर ठेवला.

“अक्का?” कुंदाने पुन्हा हाक मारली.

नवरा गेला त्या श्रावणात भागाबाईने सवयीने त्याच्याही नावाची मूठ भरली होती आणि रडत रडत पोत्यात परत सोडली होती. मेलेल्याचे गहू काढत नाहीत. आज तिने जित्या माणसाची मूठ सोडली.

“बठ्ठं व्हई गयं,” ती म्हणाली.

सोमवारी कानबाईची बोळवण करून बाया नदीवरून परतल्या, रोटाची पंगत बसली, तोच जीप दाराशी थांबली. नाना नेहमीसारखे थेट चुलीपाशी येऊन पाटावर बसले.

“वहिनी, रोट दे. भूक लागनी.”

रोट खात बसलेल्या निंबाआबांचा हात थांबला. भागाबाई उठली. तिने पोहे फोडणीला टाकले. बाहेर ओसरीवर सतरंजी अंथरली, पोह्यांची बशी ठेवली आणि फडताळातल्या पाहुण्यांच्या कपात चहा ओतला. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

“बसा, नाना,” ती ओसरीवरून म्हणाली.

नाना पाटावरून उठले. बाहेर आले, सतरंजीवर बसले आणि मान खाली घालून पोहे खाऊ लागले. लहानपणी तो जेवायचा तेव्हा उभी राहायची, तशी भागाबाई त्यांचं खाणं होईपर्यंत दाराशी उभी राहिली.