लाकडाखालची झिलई

सुनेने सासऱ्यांची रायफल टेबलावर ठेवली आणि रुमालाने तिच्यावरून शेवटचा हात फिरवला. चांदीसारखी लखलखत होती. संग्रहालयाच्या तपासनीस बाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"ही घासली कोणी?"

"मीच. एवढ्या मोठ्या ठिकाणी यायचं, तर गंजक्या अंगाने कशी आणायची?"

"गंज नव्हता हो तो. कारखान्याची झिलई होती, वयाने तपकिरी पडलेली."

सुनेचा चेहरा उतरला. शेजारी उभे सासरे जंगलखात्यातून निवृत्त झालेले. नळी कायमची बंद केलेली ही रायफल काचेमागे बघायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि संग्रहालय फक्त मूळ झिलईच्या रायफली घेत होतं.

बाईंनी दिवा आडवा धरला, भिंग पुढे केलं. "ये, तूही बघ. कारखान्यात ठसा आधी मारतात, झिलई मागून चढते. हा ताऱ्याचा ठसा बघ. घासून घासून टोकं कशी बोथट झालीत, चोखलेल्या गोळीसारखी."

"आमची सूनबाई हात लावील त्याचं सोनं करते," सासरे पुटपुटले. "इथे चांदीवरच भागवलं."

कोणी हसलं नाही. सून भिंगाला चिकटली होती. देवाने डोळे दोनच दिले, पण भिंग हाती आलं की माणसाला तिसरा फुटतो. ती एकदम म्हणाली, "बाई, लाकडाखाली माझा हात पोचलाच नव्हता!"

बाईंनी स्क्रू सैल करून लाकडी दस्ता उतरवला. नळीच्या खालच्या अंगाला दाट निळी-काळी झिलई, आणि तिच्यात दुसरा तारा, बोटाला टोचतील अशा टोकांचा. शेजारी क्रमांक, वरच्याशी तंतोतंत जुळणारा.

"अस्सल आहे," बाई म्हणाल्या, "पण अर्धीच. घ्यायची तर दस्ता उतरवूनच मांडावी लागेल. वरचं घासलेलं, खालचं मूळ, दोन्ही शेजारी दिसेल. बघणाऱ्यांना कळेल, काय करू नये ते."

सासरे ताठ झाले. "म्हणजे माझ्या रायफलीला भर सभेत उघडी पाडणार?"

"काचेआड पाडू, आजोबा."

"आणि पाटीवर?"

"तुमचं नाव. खाली, 'घरी घासलेली'."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती अजून त्या ताऱ्यावर वाकलेली, नाक नळीला टेकायचंच काय ते बाकी.

"'सुनेने घासलेली' असं लिहा," ते म्हणाले. "नुसतं 'घरी' म्हटलंत, तर लोकांना वाटेल मीच घासली. जन्मात फडकं हातात धरलं नाही मी. ओळखीचे हसतील!"