सुईणबाईंचं अपील

सुईणबाईंचं एक गाणं होतं, चार ओळींचं, आईकडून आलेलं. त्याची सुरुवात अशी:

ये गं कळे, ये गं कळे, येऊन जा माघारी,
बाळ उभं दारापाशी, उघड कवाडं सारी.

बाळंतिणीला कळ आली की त्या गुणगुणू लागत, ओसरली की थांबत. कळ किती टिकली ते ओळींवरून कळे. घड्याळाकडे बघायला मान वळवावी लागते. गाताना नजर पोरीच्या चेहऱ्यावर राहते, हे त्यांचं म्हणणं. एकदा मात्र घोळ झाला. धांदलीत, प्रसूतीच्या नोंदवहीत सेकंदांच्या रकान्यात त्यांनी लिहून टाकलं, 'तीन ओळी'.

सुईणींच्या नोंदणी मंडळानं त्यांची नोंदणीच निलंबित केली.

"बाळ ठणठणीत, आई ठणठणीत, आणि घरी बसायचं मी!" बाई करवादल्या आणि अपिलात गेल्या. न्यायाधिकरण म्हणालं, मंडळानं पुन्हा ऐकावं. मंडळानं ऐकलं, म्हणजे त्याच तिघांनी त्याच टेबलामागे बसून तोच निकाल दिला. कोर्टात गेल्या, तर कोर्ट म्हणालं, आधी न्यायाधिकरणाची पायरी संपवून या.

"म्हणजे मी काय चेंडू आहे?"

"चेंडू निदान कुणीतरी झेलतं, बाई," वकीलबाई थकून हसल्या.

इकडे लेकीचे दिवस भरत आले होते. "माझं बाळ तुझ्याच हातात यायला हवं, आई," तिचं एकच पालुपद. निलंबनाला स्थगिती मिळाली असती, तर ते जमणार होतं.

नेमका सुनावणीच्या सकाळी, न्यायाधिकरणाच्या बाकावर बसल्या असताना जावयाचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय तिला."

बाई ताडकन उठल्या. वकीलबाईंनी पदर धरला. "आपलाच नंबर आहे. आज स्थगिती मिळाली की हात मोकळे. आत्ता उठलात तर सगळं मुसळ केरात."

बाई बसल्या. बाकाचा कोपरा नखानं खरवडत मनातल्या मनात गाणं म्हणत राहिल्या. किती वेळा झालं कुणास ठाऊक. मग शिपाई दारातूनच ओरडला, "साहेब आज येत नाहीत. पुढची तारीख घेऊन जा!"

"हे सकाळी सांगता येत नव्हतं?"

"सकाळी साहेब येणार होते."

दवाखान्यात बाई धापा टाकत पोचल्या. दारात तरुण सुईण आडवी आली. "मावशी, आई म्हणून आत या. पण हात लावू नका हं, माझीही नोंदणी जाईल."

लेकीनं आईला पाहिलं आणि हंबरडा फोडला. "आई, तू कर ना गं!"

"नाही राणी. मी अजून अपिलात आहे."

त्यांनी हात पाठीमागे घेतले, बोटांत बोटं घट्ट गुंफली. ती सुईण पोरगी काम नीटच करत होती. नाव ठेवायलाही जागा नव्हती, त्याचाच जास्त संताप.

"निदान गा तरी," लेक कण्हली.

बाई गायल्या. तिसऱ्या ओळीवर त्या अडल्या, तेव्हा चौथी लेकीनंच दात आवळून पुरी केली. आणि नात आली, भलत्याच हातांत.

तरुण सुईणीनं घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, बाळ पुसून पुढे धरलं. "घ्या मावशी. आता आजी आहात, आता चालतं."

बाईंनी हात पुढे आणले. बोटं अशी आखडली होती की सुटता सुटेनात.