पिवळा साका

फेनॉलच्या पाण्यात ब्रोमीनचा थेंब पडतो तेव्हा माझा श्वास अजूनही अडकतो. नाशिकच्या कॉलेजात बारा वर्षं मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते. माझ्या जिभेची धास्ती सगळ्या वर्गाला, पण या एका प्रयोगापुढे मी गप्प. फेनॉल बोटाला लागलं तर कातडी पांढरी पडून सोलवटते. ब्रोमीनच्या बाटलीचं बूच काढलं की तांबड्या वाफा डोळ्यांतून पाणी काढतात. असे दोन खाष्ट जीव पाण्यात भेटतात, ब्रोमीनचा रंग पाहता पाहता नाहीसा होतो आणि दह्यासारखा पांढरा साका तळाशी बसतो. ना तापवायचं, ना वाट पाहायची. ट्रायब्रोमोफेनॉल! प्रत्येक रेणूवर ब्रोमीनचे तीन अणू, तेही ठरलेल्या तीनच जागी. त्याचं कारण मी फळ्यावर लिहून द्यायची, तरी माझं नवल काही संपलं नाही.

१९७९च्या एप्रिलमध्ये बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेत जयरामला नेमका हाच पदार्थ करायला आला. जयराम निफाडकडचा. त्याचे वडील गुऱ्हाळावर रस आटवून गूळ करायचे, सुट्टीत तोही रसाची काहील ढवळत उभा राहायचा. लेखी पेपर त्याचे केव्हाच सुटले होते, प्रात्यक्षिकात मात्र तो दोनदा नापास झाला होता, गेल्या वर्षी याच पदार्थात. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. गावच्या शाळेने विज्ञान शिक्षकाची जागा त्याच्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवली होती.

परीक्षक बाहेरून आलेले होते आणि भलतेच कडक. फेनॉल एकदाच मिळणार, दुसऱ्यांदा मागायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. गेल्या वर्षी मी मुलांना सूचना देत फिरले होते, यंदा मला तोंड उघडायचीही मुभा नव्हती.

सुरुवात छान झाली. थेंबाथेंबाने पांढरा साका धरू लागला. मग जयरामच्या हातून ब्रोमीनची धारच पडली. साका पिवळा झाला. ब्रोमीन जास्त झालं की चौथा अणू घुसतो, पदार्थच बदलतो, आणि मग तो पुस्तकात दिलेल्या तापमानाला वितळत नाही. पिवळं झालं म्हणजे वाया गेलं, हे मीच वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

जयराम चंचुपात्र टेबलावर ठेवून वळला. मग फळीपाशी गेला आणि सोडियम बायसल्फाइटची बाटली काढून त्याने वास घेतला.

“सर, हे घेतलं तर चालेल का?”

“फळीवरचं काहीही घ्या. जबाबदारी तुमची.”

त्याने ते पाण्यात विरघळवलं, साक्यावर ओतलं आणि काचेच्या कांडीने ढवळू लागला. काहील ढवळावी तसं, सावकाश, कडेकडेने. पिवळेपणा आधी फिकट झाला, मग कुठे गेला कळलंच नाही. खाली पांढरं शुभ्र! मी टेबलाची कड घट्ट धरली. बारा वर्षं ज्या प्रयोगापुढे मी मान तुकवत होते, त्याने मला हे कधीच दाखवलं नव्हतं. की मी बघितलंच नव्हतं?

जयरामने साका गाळला, गरम अल्कोहोलात विरघळवून थंड केला. सुयांसारखे स्फटिक आले. ते चौऱ्याण्णव अंशांना वितळले. पुस्तकात पंच्याण्णव होते.

“हे कुठे वाचलंत?” परीक्षकांनी विचारलं.

“वाचलं नाय सर. गूळ काळा पडायला लागला की वडील हायड्रोसची पूड टाकतात, गूळ उजळतो. या बाटलीलाबी तसाच नाकात जाणारा वास आला.”

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी स्फटिक उजेडात धरून बराच वेळ पाहिले आणि पासाचा शेरा मारला.

बाहेर व्हरांड्यात मी जयरामला गाठलं. “अरे शहाण्या, हे गेल्या वर्षी का नाही सुचलं?”

“सुचलं होतं मॅडम,” तो साधेपणाने म्हणाला. “तवाबी पिवळंच झालं होतं. बाटली हातात घेतली होती. तुम्ही म्हणालात, नसते उद्योग नकोत, ओतून टाक.”

तो तक्रार करत नव्हता. मी विचारलं म्हणून त्याने सांगितलं. मी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांच्या देखत, त्याची माफी मागितली.

“असं नका म्हणू मॅडम,” म्हणत त्याने मान खाली घातली. त्याचं अख्खं वर्ष मी मोरीत ओतायला लावलं होतं आणि ओशाळला होता तो.