कानामागचा ठिपका

थोरलीच्या पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीने. पार्लर दोघी जावांचं, पाटीही दोघींची, पण आत येणारी प्रत्येक बाई हटकून विचारायची, "धाकट्या आहेत का?" बारा वर्षं कात्री चालवलेल्या थोरलीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या की विचारू नका.

धाकटीचं एक खूळ होतं. केसांना रंग लावायचा तर आधी कानामागे त्याच रंगाचा ठिपका लावायचा आणि दोन दिवसांनी या म्हणायचं. खाज सुटली, लाली आली, की रंग बाद. हातात आलेलं गिऱ्हाईक ही चक्क परत पाठवायची, आणि तरी ते फिरून हिच्याकडेच यायचं! थोरलीला हे मुळीच पचत नव्हतं.

त्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या. धाकटीचं पक्कं गिऱ्हाईक. "उद्या शाळेत समारंभ आहे, आजच रंग लावा. मागे दुसरीकडे लावला तेव्हा कान जरा खाजले होते, एवढंच."

"मग आज नकोच, बाई," धाकटी म्हणाली. "खाज हाच इशारा असतो. ठिपका लावून परवा बघू."

तिला फोन आला, ती आत गेली, आणि फोन लांबला. थोरलीने डाव साधला. "या हो माझ्या खुर्चीत. इतकं काय घाबरायचं? अर्ध्या तासात पंचविशीच्या करते." रंग लावताना तिला वाटलं, आता बघ म्हणावं, तुझी बाई कुणाच्या खुर्चीत बसलीय!

रंग लावून दहा मिनिटं झाली नाहीत तोच बाईंच्या पापण्या सुजल्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ जाड झाले, आवाज बसला. थोरलीने धाकटीला जोरात हाक मारली. धाकटी धावत आली. आधी रुग्णवाहिकेला फोन करून नेमकं सांगितलं, "ॲलर्जी आहे, श्वास लागलाय." मग बाईंना पाय पसरून बसवलं, उठू दिलं नाही, बसल्या जागीच डोक्यावरचा रंग धुऊन काढला. रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉक्टरने मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे बाईंचा श्वास मोकळा झाला.

"रंगाची चाचणी केली नव्हती?" त्याने विचारलं.

"नाही. चुकलं आमचं," धाकटी म्हणाली.

आमचं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाइकं हिची, हुशारी हिची, आता मोठं मनही हिचंच?

"आमचं नाही, माझं," ती पुढे होऊन म्हणाली. "ही नको म्हणत होती. मी लावला."

बाईंनी सुजलेल्या पापण्यांतून तिच्याकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घातली नाही. ही चूक तरी ती धाकटीला वाटून देणार नव्हती.