भैरवाचा सेनापती कोल्ड्रिंक का पितो

शनिवारी सकाळी भनपुरीच्या ट्रक अड्ड्यावर ट्रकांपेक्षा माणसं जास्त. मधोमध कडुनिंबाखाली भैरवाचं वाहन म्हणून बसवलेला एक काळा कुत्रा, गळ्यात झेंडूची माळ, नाव सेनापती. शेजारी भगवी लुंगी नेसलेले लखनबाबा. रायपूर राजधानी झाल्यापासून भनपुरीत ट्रक वाढले, तसे बाबाही वाढले.

"भैरवनाथ ने दारू छोड़ दी है!" बाबा गरजले. "अब राजधानी के देवता हैं, कोल्ड्रिंक लेते हैं!"

"जय हो!" गर्दी ओरडली.

नियम सोपा होता. आपण बाटली आणायची, बाबा थोडी कटोऱ्यात ओतणार. सेनापती प्यायला तर संकट टळलं. उरलेली बाटली प्रसाद म्हणून घरी न्यायची. तोंड फिरवलं तर पुढच्या शनिवारी नवी बाटली, नवी दक्षिणा.

माझ्या कुसुम आत्याचा हा तिसरा शनिवार. तिचं संकट घरी अंगणात झोपलेलं होतं: बंडू, नऊ वर्षांचा कुत्रा. काका गेल्यापासून घरात तिची वाट बघणारा तेवढाच. महिनाभर तो पाणी ढोसत होता आणि वाळत चालला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून शुगर सांगितली, रोज इन्सुलिनची सुई दिली. बाबांनी सुई बंद करायला लावली. आत्यानं ती कालपासून बंद केलीही.

"आत्या, शुगर असलेल्या कुत्र्याला साखरेचं पाणी?"

"बाबा म्हणते, साखरच साखरेले ओढून घेते. तू काहून टोकून राहिली, पोट्टी? आज सेनापती प्यायला की घरी जाऊन बंडूले पाजते."

सेनापती आज पिणार, हे मला ठाऊक होतं. आधीचे दोन्ही शनिवार मी आत्यासोबत उभी होते. बाबा आधी विचारत, "कौन-सा शनिवार है?" पहिला-दुसरा असला की नजर उतरवायला कटोऱ्याच्या काठावर लिंबू चोळत आणि सेनापती नाक मुरडे. ज्यांचा तिसरा, त्यांच्या कटोऱ्याला लिंबू नाही. शिवाय कुत्र्याची जीभ सारखी बाहेर, आणि साखळी ताणून तो ट्रक धुतलेल्या डबक्याकडे ओढत असे.

बाबांनी आत्याची बाटली थोडी कटोऱ्यात ओतून तिला परत दिली. मी माझ्या डब्याच्या झाकणात साधं पाणी ओतून कटोऱ्याशेजारी ठेवलं.

"बाबा, आज भैरवनाथांनाच निवडू द्या."

"पानी मत रखो! व्रत टूट जाएगा!"

"टूटने दो," मागून एक ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या बाटलीला दोनदा नकार मिळाला होता. "हव, दीदी, रखो."

सेनापतीनं कटोरा हुंगलाही नाही. झाकण चाटून कोरडं केलं. ड्रायव्हरनं आपल्या छोट्या कॅनमधलं पाणी झाकणात ओतत नेलं, तेही संपवलं. मग कोल्ड्रिंककडे पाठ करून तो आडवा झाला.

"आज... आज भैरवनाथ का उपवास है," बाबा पुटपुटले.

"अभी तो पूरा कॅन पी गए तुम्हारे भैरवनाथ!"

हशा पिकला. तोवर ड्रायव्हरनं झाडामागची बाबांची पोतडी उघडली. वासानंच सगळ्यांना कळलं. "अरे, ये तो सुक्सी है!" खारवलेली सुकी मासळी. ती खाल्ल्यावर माणूस किती पाणी पितो, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. कुत्र्याला पहाटे ती खाऊ घालायची, पाणी द्यायचं नाही. मग तो समोर येईल ते पितो. फक्त लिंबाचा वास त्याला सोसत नाही.

आत्या बाटली घेऊन सेनापतीजवळ वाकली. "म्हणजे बिचारा तहानलेला होता?"

"हो. आणि बंडूची तहान आजाराची. रक्तात वाढलेली साखर लघवीवाटे जाते, सोबत पाणी ओढून नेते. त्यात आणखी साखर दिली, तर तो जगायचा नाही."

आत्यानं बाटली तिथंच धुळीत उपडी केली. "गाडी काढ. सुई आत्ताच देऊ काय, का आधी डॉक्टरले विचारू?"

"आधी डॉक्टर."

डॉक्टरांनी बंडूला तपासून सुई पुन्हा सुरू केली. तो अजून काठावर आहे, पण आज सकाळी फाटकापर्यंत चालला.

धडधाकट कुत्र्यालाही गोड कोल्ड्रिंक देऊ नका. एखाद्या घोटानं मरणार नाही, पण त्यातल्या साखरेचा त्याला काही उपयोग नाही आणि कोलातलं कॅफिन त्याला घातक असतं. 'बिनसाखरेचं' तर मुळीच नको. गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असेल, तर थोड्यानंही जीव जाऊ शकतो. कुत्र्याला पाणी पुरतं. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी शेजारी दुसरं भांडं ठेवून बघा.